जोडीदार ट्रान्स असेल आणि त्या संसाराबद्दल तुम्ही लिहीत असाल, तर या चुका टाळा

ट्रान्स, म्हणजे जन्मवेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा लिंगओळख वेगळी असलेल्या, जोडीदारासोबतच्या जगण्यावर मराठीत फारच थोडं लिहिलं जातं. म्हणून जे कोणी लिहितात त्यांचं लेखन हवंच आहे. पण अशा लेखनात त्याच त्याच चुका होतात आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही, जोडीदाराला मोजावी लागते. गोव्यात तर ती लवकर मोजावी लागते, कारण इथे माणूस वाड्यावरून आणि आडनावावरून ओळखला जातो.

क्रियापद सगळं सांगून टाकतं

सर्वांत जास्त चुका व्याकरणात होतात, म्हणून आधी तिथेच थांबू. मराठीत 'तो-ती' टाळलं तरी 'गेला-गेली', 'म्हणतो-म्हणते', 'माझा-माझी' राहतातच. लेखक पहिल्या परिच्छेदात जोडीदाराला नीट 'ती' म्हणतो आणि बालपणाकडे वळला की घसरतो: 'लहानपणी रोहन, म्हणजे आताची रिया, क्रिकेट खेळायचा.' एका वाक्यात दोन चुका झाल्या. जुनं नाव छापलं गेलं आणि लिंग मागे गेलं. 'लहानपणी रिया क्रिकेट खेळायची' एवढंच लिहा. शाळेचा प्रसंग हवा असेल तर 'शाळेत तिला मुलांच्या रांगेत उभं करायचे' असं लिहा. जे घडलं ते पूर्ण सांगितलं जातं आणि रिया कुठेही 'तो' होत नाही. काही जण स्वतःच्या जुन्या काळाबद्दल जुनंच लिंग वापरतात. तसं असेल तर त्यांचं ऐका, पण आधी विचारा.

'जन्माने पुरुष' हा शब्दप्रयोगही काढा. 'जन्मवेळी मुलगा म्हणून नोंद झाली' हे नेमकं आहे. लिंग ठरवलं दुसऱ्यांनी आणि नोंदही दुसऱ्यांनीच केली, हे त्यातून कळतं.

दुसरी चूक एका मात्रेची किंवा एका अनुस्वाराची असते. आम्ही दोघे, आम्ही दोघी, आम्ही दोघं. स्त्री आणि ट्रान्स पुरुष असतील तर 'दोघं'. स्त्री आणि ट्रान्स स्त्री असतील तर 'दोघी'. ज्या बायकोने दहा वर्षं 'आम्ही दोघं' लिहिलं, तिच्या जोडीदाराने आपण स्त्री असल्याचं सांगितल्यावर जुन्या सवयीने तेच उतरतं. मुद्रितशोधकही नकळत ते 'दोघे' करून टाकतो. मजकूर पाठवण्याआधी फक्त हा एक शब्द शोधून पाहा. अशा लेखात प्रेम या शब्दापेक्षा तो जास्त महत्त्वाचा असतो.

जोडीदाराला 'तो'ही नको आणि 'ती'ही नको असेल, तर इंग्रजी पद्धतीने 'ते' लिहून काम भागत नाही. मराठी वाचक 'ते आले' हे आदरार्थी पुल्लिंगी म्हणून वाचतो. 'ते' हवंच असेल तर पहिल्याच उल्लेखात एका ओळीत खुलासा करा. नाहीतर वाक्यच फिरवा, मराठीत त्याची उत्तम सोय आहे. 'समीरने चहा केला', 'समीरला उशीर झाला', 'समीरच्या हातून कप पडला' यांत समीरचं लिंग कुठेच येत नाही. 'त्यांचा', 'त्यांना', 'आम्ही निघालो', 'तुम्ही आलात' हेही मोकळे आहेत. अडचण येते ती 'समीर आला', 'समीर म्हणतो' अशा ठिकाणी. तेवढीच वाक्यं बदला, संपूर्ण पान ओढूनताणून लिहू नका.

गोव्यात आणखी एक पेच आहे. घरात बोलणं कोंकणीत होतं आणि लेख मराठीत लिहिला जातो. कोंकणीत तरुण मुलीला आपलेपणाने 'तें' म्हणतात. ट्रान्स मुलीची आई स्वयंपाकघरातून 'तें जेवलें?' असं विचारते तेव्हा त्या एका शब्दात तिने लेक म्हणून मान्य केलेलं असतं. लेखक ते मराठीत 'ते जेवलं का?' असं उतरवतो आणि आई मुलीला वस्तूसारखं हाक मारते असं वाचकाला वाटतं. 'ती जेवली का?' असं लिहा, किंवा कोंकणी वाक्य तसंच ठेवून 'तें'चा अर्थ सांगा. आमच्या मते दुसरा मार्ग चांगला, कारण त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या शब्दात आहे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका

'डिचोलीतल्या शाळेत शिकवते, वडील खाणीवर ट्रक चालवायचे, भाऊ दुबईला.' नाव कुठेच नाही, पण तालुक्यातल्या निम्म्या लोकांना माणूस कळला. गोव्यात तीन खुणा एकत्र आल्या की पुरे. देवस्थानाचं महाजनपण (देवळाच्या कारभारातला वंशपरंपरागत हक्क), वाड्याचं नाव, जत्रेतला मान, फुटबॉल क्लब यांपैकी एकही खूण सहज म्हणून टाकू नका. व्यवसाय, तालुका आणि घरची माणसं यांतलं जास्तीत जास्त एक खरं ठेवा आणि बाकीचं गाळा. बदललेले तपशील दुसऱ्याच कुणा खऱ्या माणसाला लागू पडत नाहीत ना, हेही तपासा.

फोटोत चेहरा नसला तरी बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी), तुळशीवृंदावन, दारातला माड आणि गाडीचा नंबर एवढ्यावरून घर ओळखू येतं. फोनमधून मूळ फाईल पाठवली तर काढल्याची जागा तिच्यातच नोंदलेली असू शकते. ती माहिती काढून मगच फोटो पाठवा.

प्रसिद्धीची वेळही पाहा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात असा लेख येऊ देऊ नका. माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली) सगळं गोत एका घरात जमतं, आणि जोडीदाराला तिथे तयारीशिवाय उत्तरं द्यावी लागतात.

संमती एकदा घेऊन संपत नाही

'तिला माहीत आहे मी लिहिते ते', ही संमती नव्हे. पूर्ण मजकूर, शीर्षकासकट, जोडीदाराने वाचलेला असावा. मराठी वाचायची सवय नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, सारांश सांगू नका. मग निदान सात दिवस थांबा. ऐकताक्षणी दिलेला होकार पुष्कळदा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून दिलेला असतो. दिवाळी अंकासाठी दिलेली संमती फेसबुकसाठी धरू नका, आणि भाषणासाठी पुन्हा वेगळी विचारा. कुठल्याही टप्प्यावर 'नको' म्हणता येईल, हे आधीच ठरलेलं असावं.

जुनं नाव, जुने फोटो, शस्त्रक्रिया झाली की नाही, औषधं आणि राहता पत्ता या गोष्टी जोडीदाराने स्वतःहून मांडल्याशिवाय लेखात येता कामा नयेत. एचआयव्हीबद्दल तर कायदाच आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार दुसऱ्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि यातून जोडीदार असलेला लेखक सुटत नाही.

तुमचं दुःख, तुमची भीती, नात्यात तुम्हाला पडलेले प्रश्न हे तुमचं आहे, ते मोकळेपणाने लिहा. 'माझा नवरा गेला' असं वाटलं असेल तर तेही लिहा, पण ते वाटणं तुमचं आहे हे वाक्यातून दिसू द्या. ती समोर बसून जेवत असताना तिला मृत ठरवणारा मथळा तिच्या आईनेही वाचायचा असतो.

मथळा तुम्ही देत नाही

मजकूर निर्दोष असतो आणि वर मथळा येतो: 'नवरा झाला बायको!' पेपरात मथळा, उपमथळा आणि फोटोओळ बहुधा संपादकीय टेबलावर ठरते. म्हणून मजकूर पाठवतानाच ईमेलमध्ये लिहा की मथळा, उपमथळा, फोटोओळ आणि समाजमाध्यमांवरची ओळ छापण्याआधी दाखवावी. जुनं नाव कुठेही येऊ नये, असंही स्पष्ट लिहा. फोनवरचं आश्वासन रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

औषधांबद्दलचे गैरसमज

शरीर आपल्या लिंगओळखीशी जुळावं म्हणून काही ट्रान्स व्यक्ती हार्मोन घेतात. त्यांचा डोस कधीच छापू नका. वाचणाऱ्यांत घरी लपून औषध घेणारी मुलं असतात आणि ती आकडा उचलतात. गर्भनिरोधक गोळ्या मूठभर घेणं हा असाच एक घातक प्रकार आहे. त्यांतल्या बहुतेक गोळ्यांतलं एथिनिल एस्ट्रॅडिऑल जास्त प्रमाणात गेलं की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि धूम्रपान असेल तर आणखीच. लिहायचंच तर हे लिहा की हार्मोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करून घ्यायचे असतात. टेस्टोस्टेरॉनमुळे (ट्रान्स पुरुष घेतात ते हार्मोन) रक्त घट्ट होऊ शकतं म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, पाहतात; स्पायरोनोलॅक्टोन या टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधावर पोटॅशियम पाहतात.

टेस्टोस्टेरॉनने आवाज जाड होतो आणि औषध थांबवलं तरी तो पहिल्यासारखा होत नाही. ट्रान्स स्त्रिया घेतात त्या एस्ट्रोजेनने मात्र आवाज बदलत नाही, त्यासाठी सराव करावा लागतो. 'गोळ्यांनी तिचा आवाज कोवळा झाला' हे वाक्य म्हणूनच खोटं ठरतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाची पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणार नाही, हाही चुकीचा आणि महागात पडणारा समज आहे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही.

छाती सपाट दिसण्यासाठी क्रेप बँडेज गुंडाळण्याचं वर्णन काही लेखांत कौतुकाने येतं. बँडेज श्वासागणिक आवळत जातं, बरगड्या दुखावतात. त्यासाठी बनवलेला बाइंडरही आठ तासांपेक्षा जास्त नको आणि झोपताना तर नकोच. गोव्याच्या दमट हवेत त्याखाली घामोळं आणि बुरशी लवकर धरते, म्हणून दोन बाइंडर आलटून पालटून धुवून, पूर्ण सुकवून वापरावे लागतात. पावसाळ्यात कापड आतून ओलंच राहतं आणि ते हाताला कळत नाही, हे ध्यानात ठेवा.

कायद्याबद्दल पुण्या-मुंबईचा लेख उतरवू नका

३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आहे आणि तो लैंगिक संबंधांबद्दल आहे. स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मान्य केला. हे दोन निकाल सर्रास एक केले जातात. तसंच स्त्री आणि ट्रान्स पुरुष यांना 'समलिंगी जोडपं' म्हणणं चूक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, पण स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तीला प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येतं, असं त्याच निकालात म्हटलं आहे. शीर्षकातलं एक चुकीचं विशेषण त्या जोडप्याला भलत्या रांगेत उभं करतं.

ओळख प्रमाणपत्राबद्दल लिहिताना २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आधी वाचा, आणि छापण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूर राजपत्रावरून पुन्हा तपासा. जुना लेख पाहून कुणी चुकीचा अर्ज भरला तर महिने वाया जातात.

गोव्यात नाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. 'प्रतिज्ञापत्र करा, जाहिरात द्या, झालं' हा सल्ला इथल्या वाचकाला अडकवतो. लग्नही इथे नागरी निबंधकाकडची पहिली सही आणि दुसरी सही यांनी होतं, आणि वेगळा करार आधी केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक होते.

'मृत्युपत्र करून सगळं जोडीदाराच्या नावावर करा' हेही इथे चालत नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलं किंवा आईवडील हयात असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. ज्या आईवडिलांनी घराबाहेर काढलं तेही त्यात आले. उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं, आणि ते विशेष नोटरीसमोर करतात. लग्न नसलेल्या जोडप्यांसाठी काही वाटा खुल्या आहेत. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं. मात्र नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, तो आपोआप मालक होत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर सही करून जोडीदाराला मानसिक उपचारांपुरता आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातेवाईकच हवा अशी अट नाही. एवढा सोपा कागद, तरी तो बहुतेकांनी केलेला नसतो. लेखात ही एक ओळ आली तरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

चूक होऊन गेली असेल तर

आधी जोडीदाराला सांगा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळण्याआधी तुमच्याकडून कळायला हवं. मग संपादकाला लेखी कळवा: कोणता शब्द, कोणत्या ओळीत, त्याजागी काय. वेबवरचा मजकूर तासाभरात बदलता येतो. मथळ्यात जुनं नाव असेल तर पानाचा पत्ताही बदलायला सांगा, कारण मथळा सुधारला तरी ते नाव पत्त्यात तसंच राहतं. त्यानंतर शोधयंत्राकडे जुनी प्रत काढण्याची विनंती करा. ई-पेपरची पीडीएफ मात्र सहसा बदलत नाहीत, ते पान काढून टाकायचीच मागणी करा.

खुलासा छापताना जुनं नाव परत लिहू नका. 'कालच्या लेखात एका व्यक्तीचा उल्लेख चुकीचा झाला, दिलगीर आहोत' इतकं पुरे. स्वतःच्या पानावर लांबलचक माफीनामाही घालू नका. ज्यांनी मूळ लेख पाहिला नव्हता तेही मग तो शोधायला लागतात.