कार्डांची नावे कशी ठरवावीत

कार्डांच्या खेळात नाव हे सजावटीपुरते नसते. १९९३ साली आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात, मूलभूत भूमीची (इतर कार्डे खेळायला शक्ती पुरवणारी) कार्डे सोडली तर, एकाच नावाची चारांहून अधिक कार्डे सहसा डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गठ्ठ्यात, घेता येत नाहीत, म्हणजे दोन कार्डे एकच मानायची की वेगळी, याचा निवाडा नावावरून होतो. त्यामुळे हे काम छपाईच्या तोंडावर उरकू नये. मात्र ते पहिल्याच दिवशीही करू नये.

सुरुवातीला प्रत्येक कार्डाला कामचलाऊ नाव द्यावे. चाचणीच्या काळात कार्डाची किंमत (ते खेळताना मोजावी लागणारी) आणि ताकद बदलत राहते, कधी कधी तर सगळा परिणामच बदलतो, आणि अशा वेळी केवळ नाव आवडले म्हणून फसलेला परिणाम जपून ठेवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. ‘दोन मार, एक उचल’ यासारख्या रूक्ष नावाच्या प्रेमात कोणी पडत नाही, हाच त्याचा गुण.

परिणाम स्थिरावला, की हे कार्ड टाकल्यावर खेळातल्या जगात नेमके काय घडते, याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. समजा, एका स्वस्त कार्डामुळे प्रतिस्पर्ध्याचा एक योद्धा फक्त पुढच्या फेरीत हल्ला करू शकत नाही. त्यासाठी ‘बेडी’, ‘दलदल’, ‘भुरळ’ आणि ‘ठेच’ अशी चार नावे सुचली. ‘बेडी’ म्हटले की कोणीतरी सोडवेपर्यंतचे बंधन डोळ्यांपुढे येते, आणि इथे तर योद्धा एका फेरीनंतर आपोआप मोकळा होतो. ‘दलदल’ हे ठिकाणाचे नाव आहे, तेव्हा हे कार्ड पटावर मांडून ठेवायचे असावे, असे खेळाडूला वाटेल. ‘भुरळ’ ऐकून योद्धा आपल्या बाजूला येईल, अशी आशा वाटेल. ‘ठेच’ मात्र क्षणभराची असते, किरकोळ असते आणि माणूस सावरून पुढे चालू लागतो. त्यामुळे कालावधी, तीव्रता आणि किंमत या तिन्ही गोष्टी या एका शब्दात बसतात. उद्या चाचणीत परिणाम तीन फेऱ्यांचा झाला, तर हे नाव निःसंकोच काढून टाकावे. नाकारलेली नावेही टिपून ठेवावीत, कारण कायमचे जखडणारे कार्ड पुढे लागतेच.

साधे शब्द जपून वापरावेत. २००८ च्या ‘डोमिनियन’ या कार्डांच्या खेळात ‘व्हिलेज’ (गाव) हे कार्ड एक कार्ड उचलायला आणि दोन अधिक कृती करायला देते. त्यापुढच्या विस्तारांत दोन किंवा अधिक जादा कृती देणारे कार्ड आले, की खेळाडू त्याला ‘व्हिलेज’च्या जातीतले म्हणू लागले. साध्या परिणामाला साधा शब्द मिळाला, की तो असा संपूर्ण खेळाचा शब्द होतो. तोच शब्द एखाद्या गुंतागुंतीच्या कार्डावर खर्च केला, तर तो पुन्हा मिळत नाही. शब्द संपू लागले, की ‘प्राचीन’, ‘गूढ’, ‘शापित’ ही विशेषणे मदतीला धावून येतात. माझ्या मते ती शक्यतो टाळावीत. जे विशेषण कोणत्याही कार्डाला चिकटवता येते, ते कोणत्याच कार्डाविषयी काही सांगत नाही.

नावांची कुटुंबे करायची असतील, तर अधिक सावध राहावे लागते. ‘यू-गी-ओ’ या कार्डांच्या खेळात अनेक कार्डांचे परिणाम नावात विशिष्ट शब्द असलेल्या कार्डांनाच लागू होतात. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत ‘फ्रॉग द जॅम’ नावाचे एक कार्ड नावामुळे बेडकांच्या कुटुंबात शिरत होते, वास्तविक ते त्या कुटुंबातले नव्हते. अखेर त्याचे नाव बदलून ‘स्लाइम टोड’ करावे लागले. मराठीत हा धोका दुहेरी आहे. ‘नावात नाग असलेले कार्ड’ असा नियम केला, तर ‘नागमणी’ आणि ‘नागफणी’ यांच्याबरोबर ‘नागरिक’सुद्धा वारुळात जाऊन बसतो. उलट ‘वणवा’ हे कुटुंब ठरवले, तर ‘वणव्याची राख’ बाहेर राहते, कारण सामान्यरूपात शब्द बदलतो. म्हणून सामान्यरूपातही मूळ अक्षरे जशीच्या तशी राहतील असा शब्द निवडावा, किंवा कुटुंबासाठी कार्डावर वेगळी खूण छापावी.

लांबीची मर्यादा कागदच घालतो. ‘मॅजिक’च्या २००४ मधल्या एका विनोदी संचात कार्डभर पसरणारे नाव मुद्दाम छापले होते, पण एरवी नावाला एकच ओळ मिळते आणि बहुधा त्याच ओळीत किंमतही बसवायची असते. देवनागरीत रुंदीबरोबर उंचीही पाहावी, कारण बारीक टंकात जोडाक्षरे आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. हातात कार्डे पंख्यासारखी धरली, की बहुतेक वेळा डावा कोपराच दिसतो. ‘अग्निबाण’, ‘अग्निवर्षा’ आणि ‘अग्निकुंड’ ही तिन्ही तिथे सारखीच दिसतात. मोठ्याने बोलूनही पाहावे. ‘रक्षक’ आणि ‘भक्षक’ ही कार्डे गोंगाटात एकमेकांच्या जागी ऐकली गेली, तर भांडण ठरलेले.

खऱ्या समाजांची किंवा धर्मांची नावे घेताना परिणाम आणि चित्र यांच्याशी जोडून नाव वाचावे. २०२० मध्ये ‘मॅजिक’च्या प्रकाशकांनी वर्णद्वेषी किंवा सांस्कृतिकदृष्ट्या अवमानकारक ठरवून सात जुनी कार्डे स्पर्धांतून बाद केली, त्यांतल्या काहींच्या बाबतीत नाव, चित्र आणि परिणाम एकत्र वाचल्यावरच आक्षेप लक्षात येतो.

शेवटी, खेळ न पाहिलेल्या काही जणांना केवळ नाव आणि किंमत सांगून कार्ड काय करत असेल, ते विचारावे. उत्तरे विखुरलेली आली, तर नाव बहुधा संदिग्ध आहे. सगळ्यांचा अंदाज एकसारखा आला आणि तो चुकलेला असला, तर लगेच नाव खोडू नये. लोकांनी कल्पिलेला परिणाम आपल्यापेक्षा सरस असेल, तर नाव तसेच ठेवून परिणाम बदलावा आणि ते कार्ड पुन्हा चाचणीला न्यावे.