मागचा शॉक बदलताना आधी ग्रीसचा डबा

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ला प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा अडथळा) जुळवता येणारा दुसऱ्या कंपनीचा मागचा शॉक अॅब्सॉर्बर बसवायचा असेल, तर पाने, टॉर्क रेंच, मोजपट्टी आणि सर्व्हिस मॅन्युअल हाताशी आहे असे मी गृहीत धरतो. शॉक मागवताना स्वतःचे वजन हेल्मेट, बूट आणि जाकिटासह सांगावे. मागे बसणारी व्यक्ती आणि पॅनिअरमधले, म्हणजे बाजूच्या पेट्यांमधले सामानही त्यात धरावे, कारण स्प्रिंग त्यावरून ठरते आणि चुकीची स्प्रिंग प्रीलोड कितीही पिळला तरी बरोबर होत नाही. यादीतली पहिली वस्तू मात्र शॉक नव्हे, पाण्याने न धुतले जाणारे चांगले ग्रीस आहे.

या गाडीचा शॉक स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला, थेट न जोडता लिंकेज या सांधेजोडणीमार्फत जोडलेला असतो आणि हे लिंकेज मागच्या चाकाच्या पुढे अगदी खाली असल्यामुळे पावसाळ्यातला सगळा चिखल त्याच्यावर येतो. आत निडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरचे) आणि त्यात फिरणाऱ्या पोलादी नळ्या, म्हणजे कॉलर असतात. सीलमधून पाणी शिरले, किंवा धुलाई केंद्रावर कोणी प्रेशरचा फवारा तिथेच धरला, की ग्रीस निघून जाते आणि कॉलरवर सुयांच्या जाडीच्या तांबूस रेघा उमटतात. मागच्या वेळी याच कोरड्या लिंकेजवर नवा शॉक चढवून मी पुढे रिबाउंडचे क्लिक (त्याच्या खुंटीचे टप्पे) फिरवत बसलो होतो. म्हणून शॉक निघाला की लिंकेजही काढावे, प्रत्येक कॉलर बाहेर ओढून पुसावी, बोटाने फिरवून पाहावी आणि बेअरिंग ग्रीसने भरावे. रेघा नखाला लागत असतील तर कॉलर आणि बेअरिंग दोन्ही बदलावीत.

काढण्यासाठी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवावा आणि मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवावा. चाकाचा भार बोल्टवरून उतरला की बोल्ट बोटांनी निघतो. हातोडा घ्यावासा वाटला तर ठोकळ्याची उंची चुकली आहे असे समजावे. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल सोडावे. जुना आणि नवा शॉक शेजारी ठेवून दोन्ही टोकांच्या छिद्रांतील अंतर आणि बुशांची रुंदी ताडून पाहावी. शॉकच्या गॅस भरलेल्या नळकांड्याच्या व्हॉल्व्हला हात लावू नये.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळल्यावर मोजणी सुरू होते. चाक हवेत लोंबकळत असताना अॅक्सलपासून मागच्या चौकटीवरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग गाडी जमिनीवर उतरवून नुसती, आणि शेवटी पूर्ण सामानासह स्वार बसल्यावर तेच अंतर पुन्हा घ्यावे. मागच्या चाकाचा प्रवास १८० मिमी आहे. त्यातला साधारण तीस टक्के, म्हणजे ५४ मिमीच्या आसपास, स्वारासह खाली बसणे ठीक. प्रत्येक वेळी दोनदा मोजावे: एकदा गाडी किंचित उचलून हळूच सोडून, एकदा दाबून हळूच वर येऊ देऊन. दोन आकड्यांत मोठा फरक पडला, तर प्रीलोडची रिंग फिरवू नये. फरक घर्षणाचा आहे आणि तो बहुतेक लिंकेजमध्येच आहे. ग्रीस खरोखर सगळ्या बेअरिंगना लावले होते का, हे आधी आठवावे. स्वारासह आकडा बरोबर येऊनही नुसती गाडी अजिबात खाली बसत नसेल तर स्प्रिंग मऊ आहे, आणि ती बदलावीच लागेल.

रिबाउंडचे क्लिक पूर्ण बंद अवस्थेपासून मोजून लिहून ठेवावेत आणि एका वेळी एक-दोनच फिरवावेत. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर मागची बाजू उसळत असेल तर रिबाउंड वाढवावे; ओळीने खड्डे लागल्यावर ती खाली खाली बसत कडक होत असेल तर कमी करावे. हे सारे ग्रीस लावलेल्या लिंकेजवर. कोरड्यावर कोणताच निष्कर्ष काढू नये.

साखळीचा ढिलेपणा, हेडलाइटचा झोत, साइड स्टँडवर गाडी कलण्याचा कोन: सर्व पुन्हा पाहावे. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क तपासावा. लिंकेजला ग्रीस लावल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहावी आणि पावसाळा संपला की ते पुन्हा उघडावे.