मोठा रेस्क्यू कुत्रा फ्लॅटमध्ये आणताना : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

तीस किलोचा कुत्रा मांजर दिसल्यावर हिसका देतो, तेव्हा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण असणार आहे? आधी हे ठरवा, जात आणि रंग नंतर. दोघंही सकाळची फास्ट लोकल पकडणार आणि मागे घरी सत्तरीच्या आजी राहणार असतील, तर दुपारी कुत्र्याला खाली नेणारा धडधाकट माणूस मिळेपर्यंत थांबा. आजींचं मनगट आणि कुत्र्याची माया, दोन्ही शाबूत राहतील.

आपल्याकडे सोडून दिलेल्या मोठ्या कुत्र्यांत लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर नेहमीचे. अधूनमधून रॉटवायलर, ग्रेट डेन, अगदी सेंट बर्नार्डही दिसतो. कारणंही ठरलेली असतात : बदली, बाळ, घरमालक, आणि ‘एवढा मोठा होईल असं वाटलं नव्हतं’. यात कुत्र्याचा दोष क्वचितच असतो. लॅब साधारण २५ ते ३६ किलोचा होतो, तर ग्रेट डेन ५० च्या पुढेच. सेंट बर्नार्डच्या अंगावर बर्फाळ प्रदेशाचा कोट असतो. ठाण्याच्या मे महिन्यात त्याला एसी लागतो, हौस म्हणून नाही, जगायला. उंच, दणकट देशी कुत्राही याच यादीत धरा. आपली हवा त्यालाच सगळ्यात जास्त मानवते.

भेटायला जाताना

एकदा भेटून ठरवू नका. पहिली भेट रस्त्यावर, चालताना घ्या; दुसऱ्या भेटीला घरातले सगळे आणि मोलकरीण मावशीही असू देत. सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला किंवा फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा घरी ठेवणाऱ्याला) नेमके प्रश्न विचारा. जेवताना भांड्याजवळ गेलं तर काय करतो? एकटा किती वेळ राहिला आहे? लहान मुलं, मांजरं, लिफ्ट यांची सवय आहे का? आधीच्या घराने नेमकं कशासाठी सोडलं? ‘एकदम शांत आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. नुकताच सोडवून आणलेला कुत्रा भीतीने गोठून बसतो आणि तेच लोकांना शांतपणा वाटतं. खरा निवांत कुत्रा अंग सैल सोडतो, तोंड किंचित उघडं ठेवतो, जमीन हुंगतो. घाबरलेला कुत्रा अंग ताठ करतो, तोंड मिटून घेतो आणि मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, तेव्हा डोळ्यांतला पांढरा भाग दिसतो. त्या वेळी हात पुढे करू नका.

तो गुरगुरला, तर त्याने तुम्हाला सूचना दिली. त्याबद्दल ओरडू नका. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

दत्तकपत्र, लसीचं कार्ड आणि निर्बीजीकरणाचा कागद हातात घ्या. शक्य असेल तर आधी दोन आठवडे फॉस्टर म्हणून ठेवा. कार्यकर्ते तुमचं घर बघायला आले तर रागावू नका. जे बघायला येतात, ते पुढे अडचणीला फोनही उचलतात.

सोसायटी आणि कागद

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. हे माहीत असू द्या, पण पहिल्याच दिवशी तो कागद सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र घेऊन ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचा परवाना काढा आणि दोन्हींची प्रत सोसायटीच्या ऑफिसात स्वतःहून द्या. शी उचलायच्या पिशव्या पट्ट्यालाच बांधून ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

घर

नव्या टॉवरमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हा मोठ्या कुत्र्याचा पहिला शत्रू. मागचे पाय फाकून घसरतात. लॅब आणि शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा मुळातच ढिला असण्याची शक्यता जास्त, त्यात ही भर. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी तळाच्या मॅट टाका. जुन्या योगा मॅटही चालतात. बाल्कनीची जाळी हाताने जोर लावून तपासा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं आणि औषधं त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका.

आणण्याचा दिवस

सकाळी आणा. पाहुणे नकोत, औक्षण नको, सेल्फी नको. प्रवासाआधी तीन-चार तास जेवण देऊ नका.

दोन पट्टे लावा : एक गळपट्ट्याला, एक हार्नेसला, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांना. घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही. तो मागे सरकतो, मान खाली घालतो आणि गळपट्टा कानांवरून अलगद निघून येतो. रेस्क्यू कुत्रे हरवतात ते बहुतेक पहिल्या दिवसांत, गाडीचं दार आणि बिल्डिंगचं गेट यांच्यामधल्या दहा पावलांत. गळपट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला त्याच दिवशी अडकवा.

थेट वर नेऊ नका. आवारात वीस मिनिटं फिरवा, शी-शू होऊ द्या. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरून त्याच्या बरोबरीनेच आत शिरा. कुत्रा आत, माणूस बाहेर आणि मध्ये बंद झालेलं दार, हा अपघात जीवघेणा असतो.

पहिला आठवडा

पहिले तीन दिवस त्याला दारापाशी पडून राहू द्या. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की कान उभे होतील, नाक दाराच्या फटीला लागेल, आणि ओळखीची पावलं नाहीत हे कळल्यावर तो पुन्हा पंजांवर हनुवटी टेकवेल. तो जुन्या माणसाची वाट बघत असतो. बोलावू नका, मिठी मारू नका. तीन-चार हातांवर पाठमोरे बसून पेपर वाचा. तीन दिवस धास्ती, तीन आठवडे दिनक्रम समजायला, तीन महिने घर आपलं वाटायला, असा ढोबळ हिशेब कुत्रेवाले सांगतात. काहींना याच्या दुप्पट वेळ लागतो.

याच आठवड्यात पशुवैद्याकडे जा. प्लेटलेटसह रक्त तपासून घ्या, गोचीडतापाची चाचणी करा, यकृत आणि मूत्रपिंड तपासा, विष्ठेत जंत आहेत का ते बघा. लंगडत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढा. गोचीड पाठीवर शोधत बसू नका. कानाच्या पाळीच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बघा. गोचीडतापात हिरड्या फिक्या पडतात, नाकातून रक्त येऊ शकतं, आणि नुसता ‘मलूल आहे’ म्हणून आठवडा काढला तर उशीर होतो. लेप्टोची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा आजार घरातल्या माणसांनाही होतो.

खाणं

निर्बीजीकरण झालेल्या, ठीक प्रकृतीच्या ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात. बहुतेक कोरड्या खाद्याच्या हिशेबात हे ४०० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे महिन्याला १२ किलो. पाकिटावरचा आकडा बघून कमी-जास्त करा आणि दर पंधरा दिवसांनी वजन घ्या. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

फार उपाशी राहिलेल्या कुत्र्याला मात्र दयेपोटी भांडं भरून वाढू नका. महिनाभर अन्न न मिळालेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि कुत्रा दगावू शकतो. पशुवैद्याला विचारून गरजेच्या पाव हिश्शाने सुरुवात करा, तेही चार-पाच वेळा विभागून. पूर्ण खुराकावर यायला आठ-दहा दिवस घ्या.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत आणखी एक धोका असतो : पोटात वायू भरून जठराला पीळ पडणं. पोट ढोलकीसारखं फुगतं, कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतो, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर फेसाखेरीज काही पडत नाही. इथे ओवा-हिंगाचे उपाय नकोत. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. म्हणून जेवण दोन किंवा तीन वेळा विभागा आणि जेवणानंतर तासभर तरी पळापळ टाळा. रात्री शस्त्रक्रिया करणारा जवळचा दवाखाना आजच शोधून ठेवा. घोडबंदर रोडच्या कोंडीत गाडीत बसून शोधायची ती गोष्ट नाही.

निष्ठा

दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतीला असतो, आणि धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे कुत्रा घरी आला की निष्ठा आपोआप लागू होते, असा समज होतो. तशी ती होत नाही. महिनाभर एकाच माणसाने, एकाच वेळी जेवण द्यावं, त्यातला मूठभर भाग हातातून. नाव घेतलं आणि त्याने वळून पाहिलं की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. एकटं ठेवायची सवय एका मिनिटापासून लावा. दार ओढा, परत या, काहीच घडलं नाही असं वागा. मग पाच मिनिटं, मग वीस. दोन आठवडे सुट्टी घेऊन अखंड सोबत करायची आणि तिसऱ्या सोमवारी थेट नऊ तास गायब व्हायचं, यातून दरवाजे ओरबाडले जातात.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुत्रा धीट होतो, आणि तेव्हाच लोक त्याला परत करतात. आजवर गप्प असलेला प्राणी सोफ्यावरून उतरत नाही, बेल वाजली की भुंकतो. तो बिघडलेला नसतो, स्थिरावलेला असतो. ट्रेनर बोलवा, पण मारणारा किंवा काटेरी गळपट्टा लावणारा नको. अगदीच जमलं नाही तर ज्यांच्याकडून आणला त्यांच्याकडेच परत द्या. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

फिरायला उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर न्या. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर पंजेही ठेवता येणार नाहीत. येऊरच्या पायथ्याशी राहत असाल तर अंधार पडल्यावर जंगलाच्या कडेला जाऊ नका. तिथे बिबट्या फिरतो, आणि कुत्रा त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. सहा महिने कुठेही पट्टा सोडू नका.

पहिल्या दिवाळीत संध्याकाळचं फिरणं पाचलाच उरका, दोन्ही पट्टे लावून. खिडक्या बंद करा, पंखा मोठा ठेवा. तो बाथरूमच्या कोपऱ्यात, बादलीमागे जाऊन बसला तर ओढून बाहेर काढू नका. दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसा. मधेच तो नाक पुढे करून तुमच्या पायाला लावेल, आणि पुढचा बार वाजला की परत बादलीमागे जाईल.