कम्युनिटी रेडिओची मुलाखत: सोलापूरच्या नळापासून नाटकापर्यंत

"सोलापूरचा पाणीप्रश्न कधी सुटणार?" असं माइक धरून कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: प्रयत्न सुरू आहेत. तोच प्रश्न असा विचारून बघा: "भवानी पेठेत गेल्या महिन्यात पाणी किती वेळा आलं? ठरल्या दिवशी आलं नाही तर लोकांनी कोणत्या कार्यालयात, कोणाकडे जायचं?" आता समोरच्याला आकडा द्यावा लागतो, खातं सांगावं लागतं. मुलाखतीची निम्मी लढाई इथेच आहे. प्रश्न इतका लहान करा की त्यातून निसटायला जागा उरणार नाही आणि ऐकणाऱ्याला ते उत्तर दुसऱ्या दिवशी वापरता येईल.

कम्युनिटी रेडिओला, म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राला, हे जमतं, कारण त्याचा टप्पा छोटा असतो. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंच; आवाज साधारण १० किलोमीटरपर्यंत नीट पोचतो. त्यामुळे एका पेठेचा, एका बोळाचा प्रश्नही पूर्ण अर्ध्या तासाचा विषय होऊ शकतो. मोठ्या केंद्राला ते परवडत नाही.

आधी नियम, मग विषय

२००६ साली केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांसाठी कम्युनिटी रेडिओ खुला केला. त्या धोरणात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणी आणि विजेच्या स्थानिक सूचना, हवामान, वाहतूक, आरोग्याचे इशारे, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे मात्र बातमीत धरले जात नाहीत. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळावी लागते: धर्म किंवा जातीवर हल्ला नाही, बदनामी नाही, पक्षाचं नाव घेऊन टीका नाही. प्रसारित झालेलं सगळं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं असतं.

मग स्थानिक राजकारणावर बोलायचंच नाही का? बोलायचं, पण कारभाराच्या बाजूने. महापालिकेचं अंदाजपत्रक कसं ठरतं, १६ जणांची स्थायी समिती काय मंजूर करते, अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात म्हणजे नेमकं काय, तक्रार कोणत्या झोन कार्यालयात नोंदवायची, हे सगळं नागरिकांचं शिक्षण आहे. सोलापुरात २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभागांत चार-चार. "आपला नगरसेवक कोण?" याला चार उत्तरं असतात आणि गटार तुंबलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. प्रभाग पद्धत कशी चालते यावरची एक नीट मुलाखत कुठल्याही आरोप-प्रत्यारोपापेक्षा जास्त उपयोगी पडते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की लोकप्रतिनिधी आणि इच्छुक यांच्या मुलाखती पूर्ण थांबवा, विषय पाण्याचा असला तरी. जुन्या मुलाखतीचं पुनःप्रसारणही काढून टाका. चूक बहुधा तिथेच होते, कारण वेळापत्रक महिनाभर आधी लावून ठेवलेलं असतं. शंका आली तर तो तुकडा केंद्राच्या कार्यक्रम समितीला ऐकवा आणि निर्णय लेखी घ्या.

तयारी: कागद, पाय आणि सहा आठवडे

पाण्यावर मुलाखत घ्यायची असेल तर आपल्या पेठेला पाणी कुठून येतं हे आधी शोधा. सोलापूरला तीन वाटांनी पाणी मिळतं. उजनीहून सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात. भीमा नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून सोरेगावला. आणि हिप्परगा तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात. तिन्ही ठिकाणच्या अडचणी वेगळ्या. बंधारा कोरडा पडला तर प्रश्न नदीत पाणी कधी सोडणार याचा असतो, तो पाटबंधारे खात्याला विचारायचा. जलवाहिनी फुटली तर तो महापालिकेला. चुकीच्या माणसाला बरोबर प्रश्न विचारला तर "ते आमच्याकडे येत नाही" एवढंच हाती लागतं आणि मुलाखत तिथेच संपते.

आकडे लागणार असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्रातले नियम असे आहेत. उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अशा मुलाखतीची आखणी किमान सहा आठवडे आधी करा. अर्जात "पाणीपुरवठ्याची माहिती द्यावी" असं लिहू नका. "१ ते ३० एप्रिल या काळात अमुक टाकीवरून कोणत्या तारखांना, किती वाजता पाणी सोडलं, त्या नोंदवहीची प्रत द्यावी" असं लिहा.

कागदाइतकंच चालणं महत्त्वाचं. पाच घरं, दोन टपऱ्या आणि तिथला व्हॉल्व्हमन, एवढ्यांशी बोलल्याशिवाय अधिकाऱ्याकडे जाऊ नका. नळाला पाणी पहाटे तीनला येतं की दुपारी, मोटर लावल्याशिवाय चढतं का, हे फाइलमध्ये सापडत नाही.

अधिकारी प्रश्न आधी लेखी मागतात. आकड्यांचे प्रश्न जरूर लिहून द्या, कारण ऐन मुलाखतीत "माहिती घेऊन सांगतो" आलं की तो तुकडा फुकट जातो. "का" आणि "कधी"चे प्रश्न मात्र राखून ठेवा. त्यांचे फक्त विषय कळवा.

बोलताना

मराठीत जबाबदारी लपवायची एक हमखास जागा आहे: "करण्यात येईल". काम करण्यात येईल, चौकशी करण्यात येत आहे, निधी उपलब्ध करून देण्यात आला आहे. वाक्यात कर्ताच नाही. हे ऐकलं की शांतपणे एकच प्रश्न: "कोण करणार?" मग "कधीपर्यंत?" आणि मग "त्या तारखेला झालं नाही तर लोकांनी कोणाला भेटायचं?" आवाज चढवायची गरज नाही. याच क्रमाने, याच सुरात विचारा. "लवकरच", "टप्प्याटप्प्याने", "शासन स्तरावर" हे शब्दही तसेच. प्रत्येकाला एक साधा उपप्रश्न तयार ठेवा.

उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच अंक मोजा. खरं उत्तर पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं. कोरडी शांतता संपादनात कापता येते.

दोन प्रश्न एका वाक्यात जोडू नका. "रस्ता कधी होणार आणि गटाराचं काय?" असं विचारलं की पाहुणा सोपा अर्धा निवडतो.

संबोधनही ठरवून ठेवा. कार्यालयात शिरताना "साहेब" म्हणणं आपल्याकडची रीत आहे, त्यात वावगं नाही. पण माइक चालू झाला की नाव आणि पद. दर वाक्याला "साहेब" लागलं की प्रश्नाची विनंती होते. विडी वळणाऱ्या बाईंना अक्का म्हणायचं, काकू की ताई, हे त्यांनाच विचारा. एकेरीत मात्र कुणालाच नाही. कामगाराला "तू" आणि अधिकाऱ्याला "आपण" असं एकाच कार्यक्रमात ऐकू आलं तर ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं.

भाषेवर थोडं थांबायला हवं. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड आणि दखनी उर्दूही आहे. पाहुण्याला मराठीत बोलायला भाग पाडलं की तो शाळेतली चार वाक्यं बोलतो आणि गप्प होतो. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. निवेदकाने प्रत्येक उत्तरानंतर मराठीत दोन-तीन वाक्यांत सार सांगावं. मूळ आवाजावर मराठी भाषांतर चढवू नका. दोन्ही कळेनासे होतात. आणि ते सार, ती भाषा येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून प्रसारणापूर्वी तपासून घ्या.

ध्वनिमुद्रण

साधा हातात धरायचा डायनॅमिक माइक, छोटा रेकॉर्डर, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. एवढं पुरतं. डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ३० तासांच्या आसपास. बोलण्याची पातळी रेकॉर्डरच्या पट्टीवर उणे १२ डीबीच्या (डेसिबल) आसपास ठेवा, हसण्या-ओरडण्यात उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. आवाज फाटला तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. कमी असला तर वाढवता येतो.

माइक तोंडापासून एक मूठ अंतरावर, किंचित बाजूला. समोर धरला तर प, फ, भ फुटतात. माइक पाहुण्याच्या हातात देऊ नका. अंतर सतत बदलतं आणि भाषणाची सवय असलेला माणूस माइक परत देत नाही. वायरीचा एक वेढा बोटाभोवती घ्या, म्हणजे ओढली गेली तरी खरखर येणार नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर, पाहुण्याचासुद्धा.

सोलापूरचा खरा शत्रू पंखा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, पंखा बंद करा म्हटलं तर पाच मिनिटांत सगळे हैराण होतात. सकाळी आठच्या आत मुलाखत लावा. नाहीच जमलं तर आठ-आठ मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये पंखा लावा. कूलर मात्र बंदच. मोठ्या रिकाम्या दालनात आवाज घुमतो; भिंतीला दोन सोलापुरी चादरी टांगल्या तर फरक लगेच ऐकू येतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात मागांच्या मध्ये उभं राहून मुलाखत होत नाही. पाळी बदलताना किंवा वीज गेल्यावर, दाराबाहेर दहा-पंधरा पावलांवर बोला. मागांचा आवाज नंतर वेगळा, दोन मिनिटांचा घ्या आणि निवेदनाखाली हळू वापरा. विडीच्या घरात उलट: तिथे तेंदूच्या पानावरून चालणारी कात्री हाच विषयाचा आवाज आहे, बाईंना काम थांबवायला सांगू नका. प्रत्येक जागी शेवटी ३० सेकंद कुणीही न बोलता मुद्रण करा. कापलेल्या जागा सांधायला ते लागतं.

कामगार मालकाबद्दल बोलत असेल तर नाव बदलणं पुरेसं नाही. १० किलोमीटरच्या टप्प्यात आवाजच ओळख असतो. चौघा-पाचजणांचं म्हणणं एकत्र करून दुसऱ्या कुणाच्या आवाजात वाचा, आणि ते त्यांना आधी ऐकवा.

कलावंतांची मुलाखत

लावणीकार रामजोशी याच गावचे, त्यामुळे शाहिरी आणि नाटक यांचा कान इथल्या श्रोत्याला आहे. "प्रेरणा कुठून मिळाली?" या प्रश्नाला तो कंटाळतो. कृती विचारा. हलगी तापवायची कशी आणि किती वेळ? हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायचं तर श्वास कुठे घ्यायचा? चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावरून जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) भोकं पाडलेल्या पंच कार्डावर उतरते तेव्हा एक चौकोन म्हणजे किती धागे? चादरीचा नक्षीकार हा कलावंतच आहे आणि त्याला असं कुणी विचारत नाही, म्हणून तो भरभरून बोलतो.

वाद्य आणि बोलणं एकाच पातळीवर मुद्रित करू नका. हलगी किंवा ढोलकीसाठी माइक दीड-दोन मीटर लांब, पातळी वेगळी. आधी सर्वांत जोराचा तोडा वाजवून घ्या आणि त्यावर पातळी बसवा.

गाणं कलावंताकडून समोर गाऊन घेणं सर्वांत बरं. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं रचनेवर हक्क राहतो आणि ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा असतो. पारंपरिक ओवी कुणाच्याही मालकीची नाही, पण ती गाणाऱ्या बाईंची लेखी संमती हवीच.

सिद्धेश्वर यात्रेवर कार्यक्रम असेल तर संक्रांतीची वाट पाहू नका. नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघाली की बाराबंदीतल्या (पांढऱ्या पारंपरिक अंगरख्यातल्या) मानकऱ्याला बोलायला उसंत नसते आणि बँडमध्ये काही ऐकूही येत नाही. काठी पेलायचा सराव चालू असतो तेव्हा जा. तोल कुठे सांभाळतात, काठी कशी पेलतात, हे तिथे दिसतं आणि विचारता येतं.

कापणं आणि नंतर

२८ मिनिटांच्या कार्यक्रमासाठी ५० मिनिटांहून जास्त मुद्रण नको. ऑडासिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरतं. अडखळणं, पुनरुक्ती कापा. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही लावू नका. आवाज स्वच्छ करणारं फिल्टर हलकंच वापरा, जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी पातळी उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या एकूण आवाजाचं माप) आणा, म्हणजे कार्यक्रमागणिक आवाज वर-खाली होणार नाही.

फाइलच्या नावात तारीख, विषय, पेठ. आणि एक जाड वही ठेवा: मुलाखतीत कोणी, कोणत्या कामाची, कोणती तारीख दिली. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी आधी त्या बोळात जाऊन नळ बघा, मग त्याच कार्यालयात फोन करा.