क्षारपड रानात कापूस करताय? पहिला महिना सांभाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले भागातल्या काळ्या रानांत सध्या मे महिन्याच्या उन्हानं वरंब्यांच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटलेलं दिसतं. रान ओळखायची हीच वेळ आहे. पावसाळा लागला की हे मीठ पाण्याबरोबर खाली उतरतं, रान सुधारलं असं वाटतं, आणि दिवाळीनंतर ते पुन्हा वर येतं.

अशा रानात ऊस का बसत नाही आणि कापूस का तग धरतो, याला आकड्यांचा आधार आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता १.७ डेसिसायमन प्रति मीटर, म्हणजे क्षारता मोजायच्या एककात १.७, याच्या पुढे गेली की उसाचं उत्पादन घटू लागतं. कापूस साधारण ७.७ पर्यंत सहन करतो. त्यापुढं मात्र दर एका डेसिसायमनला जवळपास पाच टक्के उत्पादन जातं. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणाची क्षारता देतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो, म्हणून अहवाल हातात आला की तो कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी विचारा. नमुने ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे दोन थरांचे वेगवेगळे द्या.

क्षारयुक्त रान आणि चोपण रान यांत गल्लत झाली की पैसा वाया जातो. क्षारयुक्त रानाचा सामू (पीएच) ८.५ च्या आत असतो, वर पांढरा थर येतो आणि माती भुसभुशीत असते. तिथं जिप्सम टाकून काही साधत नाही, मीठ धुऊन बाहेर काढावं लागतं. चोपण रानाचा सामू ८.५ च्या वर असतो. ते ओलं असताना चिकट आणि वाळलं की दगडासारखं होतं, पाणी वरच साचून गढूळ राहतं. इथं मातीला चिकटलेला सोडियम सुटण्यासाठी जिप्सम लागतं, आणि सुटलेला सोडियम वाहून जायला निचराही लागतो. जिप्सम किती, हे माती परीक्षणावरूनच ठरवा. ते वरच्या १५ ते २० सेंटीमीटरच्या थरात शेणखताबरोबर मिसळा. रानात चुनखडी असेल तर गंधकही चालतं, पण ते हळू काम करतं.

आता मुख्य गोष्ट. कापूस मीठ सोसतो तो मोठा झाल्यावर. उगवताना आणि रोप लहान असताना तो तितकाच नाजूक असतो, आणि क्षारपड रानातली विरळ उगवण पुढं कोणत्याही खतानं भरून निघत नाही. पहिले चार आठवडे बियाभोवती मीठ साठू द्यायचं नाही, एवढ्यावर सगळा हंगाम ठरतो.

त्यासाठी बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका. दोन्ही सऱ्यांना पाणी दिलं की ओल दोन्हीकडून वर चढते आणि मीठ नेमकं माथ्यावर जमा होतं. बी वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर टोका. एक आड एक सरी भिजवली तर मीठ कोरड्या सरीच्या बाजूला सरकतं. तेव्हा बी भिजणाऱ्या सरीच्या बाजूला हवं. एका ठिकाणी एक बी जास्त टाका, आणि नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला पिशव्यांत गोड्या मातीतली थोडी रोपं तयार ठेवा. बीटी बियाण्याला कीटकनाशक लावलेलं असतं, ते भिजवून धुऊन टाकू नका. गुलाबी बोंडअळीमुळं हंगामापूर्वीची लागवड तर टाळायचीच. जूनच्या चांगल्या पावसानं वरचं मीठ खाली गेलं आणि वाफसा आला की टोकणी करा.

नदीचं आणि विहिरीचं अशी दोन्ही पाणी असतील तर गोडं पाणी उगवणीसाठी राखून ठेवा. विहिरीचं मचूळ पाणी पीक मोठं झाल्यावर वापरता येतं. पाण्याची क्षारता २.२५ डेसिसायमनच्या वर असेल तर ते अति क्षारयुक्त समजा आणि निचरा नसलेल्या रानात लावूच नका. ठिबक असेल तर थोडं थोडं पण वारंवार द्या, म्हणजे मीठ ओलीच्या कडेला ढकललेलं राहतं. रिमझिम पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नका. हलका पाऊस कडेचं मीठ परत मुळाशी आणतो.

खतांत म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश द्या. पालाश भरपूर असला की पीक सोडियम कमी उचलतं, आणि म्युरेटमधलं क्लोराइड आधीच्या मिठात भर घालतं. चोपण रानात युरिया उघडा टाकला तर नत्र हवेत उडून जातं. तिथं अमोनियम सल्फेट बरं, आणि युरिया द्यायचाच तर मातीआड करून द्या. झिंक सल्फेट एकरी दहा किलो शेणखतात मुरवून द्या, कारण जास्त सामूच्या मातीत जस्त पिकाला मिळत नाही.

मीठ आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की कापूस टिकत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की सोडियम आत शिरतो, पातेगळ होते म्हणजे कळ्या गळतात, झाडं अचानक माना टाकतात. म्हणून पाऊस लागण्याआधी चर उकरून ओढ्यापर्यंत मोकळे करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जी रानं पाण्याखाली गेली, तिथं कापूस करूच नका. ऊस काही दिवस पाण्यात तरतो, कापूस तरत नाही.

विक्रीचा विचारही आत्ताच करा. इचलकरंजी जवळ आहे म्हणून कापूस घरबसल्या खपेल असं नाही. तिथल्या यंत्रमागांना सूत लागतं आणि सूतगिरण्यांना कापसाच्या गाठी. सरकीसकट कापूस सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातच न्यावा लागतो. जिनिंग किती लांब आहे आणि भाडं किती पडतं, हे काढल्याशिवाय मोठं क्षेत्र धरू नका. पहिल्या वर्षी दहा-वीस गुंठे पुरेत.

कापसाचा आणखी एक फायदा आहे, जो उसात मिळत नाही. फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढं राखणं) न ठेवता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली की पावसाळ्यापर्यंत रान मोकळं राहतं. सच्छिद्र पाइप जमिनीत गाडून भूमिगत निचरा करायला हे महिने सोयीचे आहेत. शिरोळमध्ये श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी कामं केली आहेत. पाइपचं पाणी ओढ्याला न्यायचं तर वाट शेजाऱ्यांच्या बांधातूनच जाते. त्यामुळं शेजाऱ्यांशी बोलणी या पावसाळ्यातच सुरू करा, म्हणजे जानेवारीत मशीन रानात येईपर्यंत सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतील.