अवशेषांत रोमन कुरिया कशी ओळखावी

रोमन शहराच्या अवशेषांत आयताकृती दालनं ढिगानं सापडतात. त्यांतली कुरिया, म्हणजे नगरसभेचं किंवा खुद्द रोममध्ये सिनेटचं सभागृह, कोणती हे ठरवायला एक मोजपट्टी आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

सुरुवात फोरमपासून, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापासून करा. खजिना, तुरुंग आणि कुरिया फोरमला लागून असावेत, असा वास्तुतज्ज्ञ विट्रुवियसचा दंडक आहे. रोममध्ये तुरुंग कुरियापासून चार पावलांवरच आहे.

मग आत जाऊन खांब शोधा. दालनात खांबांच्या रांगा असतील तर ती बहुधा बॅसिलिका, म्हणजे न्यायदानाची आणि व्यवहाराची जागा. उंच जोत्यावर अंधारा गाभारा आणि समोर वेदी असेल तर देऊळ. कुरियात मधला भाग मोकळा असतो, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसायला हवा.

खरी खूण जमिनीवर असते. दोन्ही लांब भिंतींलगत रुंद, बुटक्या पायऱ्या आणि दारासमोरच्या टोकाला चौथरा. रोमच्या कुरिया ज्युलियात दोन्ही बाजूंना अशा तीन-तीन पायऱ्या आहेत. त्या चढण्यासाठी नाहीत, त्यांवर आसनं मांडली जात. त्यामुळे पायरी अरुंद आणि उंच दिसली तर ती बसण्याची नव्हे, हे लगेच धरून चाला. मतदानाच्या वेळी सभासद उठून, ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला जाऊन उभे राहत. मधली मोकळी फरशी त्या हालचालीसाठीही लागे.

आता मोजमाप. पट्टी भिंतीच्या आतल्या बाजूंमध्ये धरा. बाहेरून मोजलं की भिंतींची जाडी हिशेबात घुसते. संगमरवरी अस्तर उपटलेलं असेल तर आकडा किंचित जास्त येतो, तेवढी सूट द्या. आयताकृती कुरियासाठी विट्रुवियसचं सूत्र असं: लांबी अधिक रुंदी, भागिले 2, म्हणजे छताची उंची. दालन चौरस असेल तर रुंदीची दीडपट. कुरिया ज्युलिया आतून सुमारे 25.2 मीटर लांब, 17.6 मीटर रुंद; सूत्रानं 21.4 मीटर येतात आणि प्रत्यक्ष उंचीही सुमारे 21 मीटर आहे. एवढ्या उंचीत आवाज वर जाऊन विरतो, म्हणून भिंतीच्या निम्म्या उंचीवर लाकडाची किंवा गिलाव्याची आडवी उठावदार पट्टी फिरवावी, असंही तो सांगतो. भिंती अर्ध्यापर्यंत उभ्या असतील तर तिच्या खुणा शोधा.

चुका बहुतेक काळाच्या बाबतीत होतात. कुरिया ज्युलियाचं काम सीझरनं इ.स.पू. 44 मध्ये सुरू केलं, त्याचा वारस ऑगस्टसनं इ.स.पू. 29 मध्ये ती खुली केली. पण आज दिसतात त्या विटांच्या भिंती इ.स. 283 च्या आगीनंतर सम्राट डायोक्लेशियननं उभारलेल्या आहेत. सातव्या शतकात तिचं चर्च झालं, म्हणूनच ती वाचली. ते चर्चचं रूप 1930 च्या दशकात उतरवण्यात आलं. कांस्याची दारं प्रतिकृती आहेत. मूळ दारं लॅटरनच्या सेंट जॉन चर्चला लावलेली आहेत. आणि सीझरचा खून इथं झाला नाही. तो सेनापती पॉम्पेनं बांधलेल्या नाट्यगृहाला जोडलेल्या कुरियात झाला.

आसनांवरून सभासदसंख्या काढण्याचा मोहही टाळा. कुरिया ज्युलियात जेमतेम 300 जण बसत, तर ऑगस्टसच्या काळात सिनेटर सुमारे 600 होते. सगळे एकाच वेळी येत नसत, हे उघड आहे.

शेवटी, कुरिया सापडलीच नाही तर देवळांकडे वळा. सिनेटची बैठक शकुन पाहून पवित्र ठरवलेल्या जागेतच भरे, त्यामुळे कॉन्कॉर्डिया या एकोप्याच्या देवीचं देऊळही चाले. सैन्याचा अधिकार हाती असलेल्या सेनापतीला तो अधिकार न सोडता शहराच्या पवित्र सीमेच्या आत येता येत नसे. त्याच्यासाठी सीमेबाहेरच्या बेलोना या युद्धदेवीच्या देवळात बैठक घेत.