मृत्युपत्रात शेत वाटताना विहीर विसरू नका

'थोरल्याला अर्धं शेत, धाकट्याला अर्धं.' मृत्युपत्रात एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं. कोणतं अर्धं? सातबारा समोर ठेवून गट नंबर, क्षेत्र आणि दिशा लिहा: '1 हेक्टर 60 आरपैकी पूर्वेकडील 80 आर.' विहीर एकाकडे आणि केळीची बाग दुसऱ्याकडे गेली, तर रावेर-यावलच्या उन्हाळ्यात कागदावरची समान वाटणी काय कामाची? विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाण्याच्या पाळ्या कशा, मोटार आणि वीजजोडणी कोणाची, पाइपलाइन कुठून जाणार, मागच्या तुकड्याला गाडीवाट कोणत्या बांधावरून, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा.

वडिलोपार्जित जमीन सातबाऱ्यावर एकट्याच्या नावावर दिसली, तरी ती सगळी त्याची नसते. मृत्युपत्रानं फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तिचं लग्न झालेलं असलं तरी. नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांना मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही. तिथे हे गणित जसंच्या तसं धरू नका.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्यावी असं आम्ही आग्रहानं सांगतो. नोंदणी केलेलं मृत्युपत्रही नंतरच्या साध्या मृत्युपत्रानं रद्द होऊ शकतं, म्हणून तारीख आणि 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य हवंच.

बरीच मृत्युपत्रं अडकतात ती साक्षीदारांपाशी. दोन साक्षीदारांसमोर तुम्ही सही किंवा अंगठा करायचा आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करायची. घरी नेऊन नंतर घेतलेली सही चालत नाही. मजकूर त्यांना वाचून दाखवण्याची गरज नाही. पुढे वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात यावं लागतं. दोघंही तुमच्याच वयाचे घेतले तर अडचण होते. एक तरी तरुण आणि गावातच राहणारा असावा, सुरतेला कामाला गेलेला नको. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा राहते. वय झालं असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

खाडाखोड झालीच तर तिथेही तिघांच्या सह्या हव्यात.

बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम उचलतो, ती जाते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे. त्यामुळे ठेवी मृत्युपत्रात लिहाच. आणि मूळ प्रत कुठल्या पेटीत आहे, हे अंमलबजावणीसाठी नेमलेल्या माणसाला आजच सांगा.